उज्ज्वलाची तोंडी परीक्षा

विद्यापीठाच्या इतिहास विभागात डॉ. प्रभुदेसाईंचा भारी दरारा. एम.ए.च्या उज्ज्वला गावितने आठवडी बाजारांवर लिहिलेला प्रबंध त्यांनी भर तोंडी परीक्षेत टेबलावर आपटला. बाहेरून आलेल्या परीक्षक खोतबाई शेजारी बसून बघत होत्या.

"इतकं चांगलं तू लिहिलंस? हे एआयचं काम आहे!"

"एआयशी मी भांडले, सर. माझे मुद्दे खोडून काढ, असं त्याला सांगायचे. प्रस्तावनेत तसं कबूलही केलंय. पण लिहिलं मीच."

"असं? मग पहिलं पान न बघता, शब्दन् शब्द म्हणून दाखव. एक शब्द चुकला तरी नापास!"

उज्ज्वला बोलू लागली. मुद्दे सगळे आले, एक नवा दाखलाही आला. वाक्यं मात्र वेगळीच झाली.

"सापडलीस!" प्रभुदेसाईंनी टाळी वाजवली. "लिहिलंय एक आणि बोलतेस भलतंच!"

"सर, माझी आई रोज भाकरी थापते. आजची भाकरी हुबेहूब कालच्यासारखी कधीच होत नाही. म्हणून ती आईने केलीच नाही, असं म्हणायचं का? हुबेहूब एकसारखी निघतात ती कारखान्यातली बिस्किटं!"

खोतबाई खळखळून हसल्या. प्रभुदेसाईंनी आधी भुवया चढवल्या, मग मिशीतल्या मिशीत हसत पेन उचललं.

"बोला बाई, किती गुण देऊ हिला?"

"गुण नंतर," खोतबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "आधी तो नवा दाखला पुन्हा सांग, पोरी. शब्द कुठलेही चालतील."