गोगीचं पान आणि आडवा गज

बालवाडीच्या बागेत राहायची गोगी. गोगी म्हणजे गोगलगाय. पाठीवर घर, डोक्यावर शिंगं.

बागेला होतं लोखंडी कुंपण. काळं काळं, वेलबुट्टीचं. फार देखणं! पण त्यातला एक गज गंजला. गंजला, गंजला आणि पडला. धाडकन!

कुंपणाला पडलं भगदाड. कुणी बघितलं? सगळ्यांनी बघितलं. कुणी बुजवलं? कुणीच नाही. सगळे फार कामात होते ना!

भगदाडातून आली शेळी. मे मे! गोगीनं पालकाचं एक पान जपून ठेवलं होतं. कोवळं, लुसलुशीत. शेळीनं ते खाल्लं. कच्च!

गोगीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती रडत बसली नाही.

"शेळीताई, शेळीताई, बाहेर जाशील का?"

"मी नाही जात! वाट कशी छान मोकळी आहे. आधी गजाला सांग!"

"वा! पान माझं, आणि तोरा तुझा!"

निघाली गोगी. सुळू... सुळू... सुळू...

गज गवतात आडवा पडला होता.

"गजोबा, गजोबा, उभे राहाल का?
शेळी जाईना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"मी नाही राहत! आधी लोहाराला सांग!"

"झोपा, झोपा. पडून पडून दमला असाल!"

सुळू... सुळू... सुळू...

लोहारदादा भट्टीजवळ बसला होता. हातावर हात ठेवून.

"लोहारदादा, लोहारदादा, गज ठोकशील का?
शेळी जाईना,
गज उभा राहीना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"मी नाही ठोकत! भट्टी थंड आहे. आधी भात्याला सांग!"

"असू दे, असू दे. हातोडी किती जड असते, नाही?"

भाता तिथंच शेजारी होता. तरी गोगीला पोचायला दुपार झाली. सुळू... सुळू... सुळू...

"भातेराव, भातेराव, भट्टी फुंकाल का?
शेळी जाईना,
गज उभा राहीना,
लोहार ठोकेना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"फुस्स्! मी नाही फुंकत! माझ्या कातड्याला भोक आहे. आधी मोचीला सांग!"

"वा! काम वाऱ्याचं, आणि पोटात वाराच नाही!"

सुळू... सुळू... सुळू...

मोचीकाका झाडाखाली जांभया देत होते. आऽऽऽ!

"मोचीकाका, मोचीकाका, भाता शिवाल का?
शेळी जाईना,
गज उभा राहीना,
लोहार ठोकेना,
भाता फुंकेना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"मी नाही शिवत! माझ्या दोऱ्यावर माऊ बसलीय. आधी माऊला सांग!"

"एवढीशी माऊ, आणि एवढे मोठे काका! भीती वाटणारच!"

माऊ मिशा चाटत होती.

"माऊताई, माऊताई, जरा हलशील का?
शेळी जाईना,
गज उभा राहीना,
लोहार ठोकेना,
भाता फुंकेना,
मोची शिवेना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"मी नाही हलत! मला हवं दूध. आधी सगुणामावशीला सांग!"

"बसा हं राणीसाहेब. तुम्ही उठलात तर दोरा पळून जाईल!"

सुळू... सुळू... सुळू... गोगी आता खरंच दमली.

सगुणामावशी दारात उभी होती. हातात रिकामी दोरी.

"मावशी, मावशी, दूध देशील का?
शेळी जाईना,
गज उभा राहीना,
लोहार ठोकेना,
भाता फुंकेना,
मोची शिवेना,
माऊ हलेना,
मग मी खाऊ काय? वारा?"

"दूध कुठलं गं? माझी शेळीच हरवलीय!"

गोगीची शिंगं ताठ झाली.

"हरवली? छे! ती बालवाडीच्या बागेत जेवायला बसलीय. माझं पान झालं, आता वाफा चाललाय!"

"अगं बया!" मावशीनं गोगीला तळहातावर घेतलं आणि धूम पळाली. धप धप धप!

वाफ्यात पालकाचं एकच रोप उरलं होतं. शेळीनं तोंड उघडलं... आणि मावशीनं तिचा कान धरला!

"चल घरी, हावरट!"

मावशीनं दूध काढलं. चुर्र चुर्र!
माऊ हलली. लप लप लप!
मोचीनं भाता शिवला. टुच टुच टुच!
भात्यानं भट्टी फुंकली. फूऽ फूऽ फूऽ!
भट्टी पेटली. लोहारानं गज ठोकला. ठण ठण ठण! गंज खरवडला. खर्र खर्र! वर काळा रंग लावला. चप्प चप्प!
गज उभा राहिला. ताठ!

मग सगळे म्हणाले, "बघा, आम्ही कुंपण नीट केलं!"

"हो तर!" म्हणाली गोगी. "किती धावलात बिचारे!"

संध्याकाळी शेळी पुन्हा आली. मे मे! घुसायला गेली आणि डोकं आपटलं. ठण! रंग ओला होता. कपाळावर लागला काळा काळा ठिपका.

"वा शेळीताई!" म्हणाली गोगी. "टिळा काय शोभतोय! घरी दाखवा जा."

शेळी फुरफुरली आणि गेली.

उरलेल्या रोपाला नवं पान फुटलं. कोवळं, लुसलुशीत. गोगीनं ते सावकाश, अगदी सावकाश खाल्लं. कुर्रम... कुर्रम... कुणाला दिलं का? मुळीच नाही!

पान गेलं पोटात, गोगी गेली घरात, आणि गोष्ट गेली तुमच्या कानात.