पळसपरीचे सपाट वर

लग्नाच्या पंगतींत पानांवरच जेवणं व्हायची, हिरव्या पानांचा ओला वास घराघरांत दरवळायचा, तेव्हाची ही गोष्ट. पळसबनाच्या कडेला एका झोपडीत चिमुकली तानी आईबरोबर पत्रावळी टाचायची. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. आज आई तापानं फणफणली होती, आणि घरातलं एकुलतं मडकं कालच फुटलं होतं.

"घशाला कोरड पडलीय गं," आई पुटपुटली.

तानी बनात धावली. पळस केशरी फुलांनी पेटल्यासारखा लखलखत होता. झऱ्याकाठी इवलीशी परी बसली होती, पाकळ्यांसारखे पंख मिटून.

"परीताई, आईला पाणी न्यायचंय. भांडं नाही."

"ह्या पाण्यानं ताप उतरतो, सोनू. वाळूवर बोटानं काढशील ते खरं होईल. पण तीनदाच हं! आणि जसं काढशील तसंच मिळेल."

तानीनं चौरस काढला. "ही पेटी!"

चमचमता हिरवा चौरस हाती आला, पण कागदासारखा सपाट. पाणी ओघळून गेलं.

"चौरसाला लांबी-रुंदी असते. पेटीला उंचीही लागते," परी म्हणाली.

तानीनं वर्तुळ काढलं. "हे मडकं!"

सोनेरी वर्तुळ आलं, तेही सपाटच!

"अगं वेडाबाई, मडक्याला पोट असतं!" परी खुदकन हसली.

तेवढ्यात तानीला बुलबुलाचं पिल्लू दिसलं. उघड्या घरट्यात, उन्हात, चोच वासून पडलेलं. एकच चित्र उरलं होतं.

तरी तिनं त्रिकोण काढला आणि घरट्यावर तिरका ठेवला. "तुला सपाट चालेल रे. सावलीच तर हवी."

मग ती मुसमुसत बसली. मांडीवरच्या वर्तुळाची कड बोटं नकळत दुमडू लागली. आई द्रोण करताना दुमडायची, तशीच. 'मोठी झालीस की शिकवीन,' म्हणायची. तानीनं चार ठिकाणी चुणी घातली, काडीनं टाचली. सपाट वर्तुळाला खोलगट पोट आलं!

"परीताई, पाणी राहिलं!"

"वर्तुळ माझं, पोट तुझ्या हातांचं. जा, पळ!"

आईनं द्रोण घटाघटा रिकामा केला. तिच्या कपाळावर घाम फुटला, डोळे निवळले. दाराबाहेर पळसांच्या शेंड्यांवरून केशरी उजेडाची लाट गेली आणि परी त्यात विरून गेली.

"आणखी आहे का गं?" आई उठून बसत म्हणाली.

तानीनं पाहिलं. द्रोण पुन्हा काठोकाठ भरला होता.