मरळांची जोडी

आमच्या नदीत मरळ मासे मिळत होते, त्या काळची गोष्ट. गावातल्या छोट्या मत्स्यालयात मरळांची एक जोडी होती. मरळाला पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागते, नाहीतर तो गुदमरतो. नर वर गेला की मादी तळाशी पिल्लांजवळ थांबे; तो परतला की ती वर जाई. पिल्ले मोठी होऊन दुसऱ्या टाकीत गेली, तरी दोघांची ही पाळीपाळीची सवय सुटली नाही.

एका सकाळी नर मेला. रखवालदाराने त्याला जाळीने उचलून नेले. मादी तळाशीच बसून राहिली.

"अगं बये, वर जा, हवा घे!" शेजारच्या टाकीतले कासव ओरडले.

"मी मघाशीच जाऊन आले, भावजी. आता वर जायची पाळी त्यांची."

"ते गेले गं!"

"माहीत आहे. पण पाळी त्यांचीच आहे."

दुपारी काचेबाहेर एक बाई मुलीला म्हणाली, "बघ चिमे, कशी शहाण्यासारखी बसलीय!"