शेवाळाची खोली

"मग विंचवाचं औषध करू कुठं, बाई? झाडाखाली?"

नाबरबाई भिंगाच्या काचा पुसत होत्या. पुसत राहिल्या.

"कर की औषध. मी कुठं अडवलंय?"

"तुमच्या या खोलीनं अडवलंय."

विश्राम तळेकर आता संशोधन केंद्राचा प्रमुख. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी कशी सरकवायची, हे बाईंनीच त्याला शिकवलं होतं. नव्या औषधाला उत्तरेकडची थंड खोली हवी होती आणि तशी ही एकच होती. तिथं बाई जन्मभर डबक्यातलं शेवाळ बघत बसल्या होत्या. माप घ्यायला सुतार दारात उभाच होता.

विश्रामनं सगळं पुन्हा सांगितलं. गावोगावी पोरं विंचवानं जातात. त्याची धाकटी बहीण तशीच गेली, तालुक्याला पोचायच्या आत. बाईंनी ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खऱ्याशी भांडायची त्यांना सवय नव्हती.

"शेवाळ काय, बाहेर गटारातही आहे," तो म्हणाला. "तिथं बसा."

"बसले असते. गुडघे राहिले नाहीत."

सुतार हसला आणि लगेच टेपशी चाळा करू लागला.

विश्रामचा आवाज खाली आला. "एक उपयोग सांगा, बाई. एकच. मी सुताराला परत पाठवतो."

बाई खुर्चीत टेकल्या. हा प्रश्न नवऱ्यानं विचारून झाला होता, आले-गेले साहेब विचारून गेले होते. त्यांच्याशी बाई तावातावानं भांडल्या होत्या. आज विश्राम विचारत होता...

त्यांनी सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे ढकलला.

"बघ."

"मला वेळ नाही."

"मलाही कुठं उरलाय?"

तो वाकला. रागानंच वाकला.

हिरवा धागा. केसाहून कितीतरी बारीक. पाय नाहीत, शेपूट नाही, तरी डोलत डोलत पुढं चाललेला... मग थांबला. आला तसा मागं निघाला.

विश्रामची बोटं आपोआप सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रूवर गेली.

"साहेब, टेप लावू का?" सुतारानं विचारलं.

विश्रामनं मान न उचलता नुसता हात वर केला.

धागा पुन्हा पुढं. पुन्हा मागं.

सुतार कंटाळून उंबऱ्यावर बसला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"बाई..." विश्राम तसाच वाकलेला. "हा मागं का फिरला? पुढं तर वाट मोकळी आहे."

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"ते कळलं असतं, तर ही खोली मी केव्हाच सोडली असती."