मोठ्या घागरींचं गाव

कुणी मोजून ठेवली नाहीत इतक्या वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. झरा मात्र खाली दरीत होता.

गावाची रीत अशी, की धडधाकट माणसानं कावडीनं सगळ्यांसाठी पाणी वाहायचं. पन्नाशी झाली, की कावड दाराशी टेकायची. मग मरेपर्यंत त्याला पाणी घरपोच.

रीत पडली तेव्हा एका बसलेल्या माणसामागे दहा कावडी होत्या. पुढे माणसं जास्त जगू लागली, मुलं कमी होऊ लागली. पाणी पुरेना, तेव्हा पंचांनी कुंभाराकडून मोठ्या घागरी करून घेतल्या. काही वर्षांनी आणखी मोठ्या. ते सोपं होतं, कारण त्या उचलणारं पंचांत कुणी नव्हतं.

थकून तरुण माणसं खालच्या मुलखात निघून गेली. सातच कावडी उरल्या. त्यांतली एक उचलणाऱ्या तरुण बाईनं एका सकाळी ती पंचांपुढे उतरवली.

"मीपण निघाले," ती म्हणाली. "खांदा सोलवटलाय."

"अगं, मग आम्ही प्यायचं काय?"

"आणि मी म्हातारी झाल्यावर, काका? मला कोण आणून देणार?"

शेजारी एक कावडवाला उभा होता. आठ दिवसांनी त्याची पन्नाशी भरत होती. तो म्हणाला, "म्हणजे नेमकी माझ्या वेळेला रीत बदलणार. तीस वर्षं वाहिलंय मी."

"तुमचं खरंय, दादा. माझंही खरंय."

तेव्हा एक म्हातारी बोलली. "माझ्या लेकी दोन गावांत दिल्यात. थोरलीच्या गावानं म्हाताऱ्यांचं पाणी एका दिवसात तोडलं. ते बघून तरुणच पळाले. धाकटीच्या गावानं सरसकट सगळ्यांना साठीपर्यंत वाहायला लावलं. पाठ गेलेले वाटेतच पडले."

"मग करायचं काय?"

"आधी घागरी लहान करा. पन्नाशीनंतर ज्याच्या गुडघ्यांत जीव आहे, त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत उतरावं आणि तिथून पाणी वर आणावं. ज्याच्यात नाही, त्यानं बसावं. आणि अंघोळ सगळ्यांनी एक दिवसाआड."

"तुझी तशीही तशीच असते," एक पंच म्हणाला. हसलं कुणीच नाही.

पंचांनी कुंभाराला लहान घागरी करायला सांगितल्या, तेव्हा त्या बाईनं कावड पुन्हा उचलली. आठ दिवस गेले. कावडवाल्यानं कावड टेकली नाही. तो पुटपुटत अर्ध्या वाटेपर्यंत उतरला. खालून ती बाई वर आली. त्यानं तिच्या भरलेल्या घागरी आपल्या कावडीला लावल्या आणि आपल्या रिकाम्या तिला दिल्या.

"उद्या आहेस ना?" त्यानं विचारलं.

"आहे," ती म्हणाली आणि रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा दरीत उतरली.

त्या दिवशी गावात कुणी खूश नव्हतं. पाणी मात्र प्रत्येक घरी पोचलं, पूर्वीपेक्षा थोडं कमी.

म्हणून एवढंच ध्यानात ठेवावं: जे वचन सगळ्यांना हवं असतं, त्याचं ओझं सगळ्यांनी आपापल्या ताकदीनं उचललं, तरच ते टिकतं.