एका छपराखालचे तीन वैद्य

फार जुनी गोष्ट आहे. राज्यं तेव्हा इतकी लहान होती, की प्रजेतलं कुणी आजारी पडलं तर राणीला त्याच दिवशी कळे.

नदीकाठच्या अशाच एका राज्यात तीन वैद्य होते. एक तापाचा, एक पोटाचा, एक हाडांचा. तिघेही आपापल्या विद्येत पक्के. पण त्यांच्यात एक रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. 'रोग्याला काय दिलंत?' असं एका वैद्याने दुसऱ्याला विचारायचं नाही. विचारण्यात कमीपणा, आणि सांगण्यात वाडवडिलांचं गुपित गमावण्याची भीती. रोगी दुसऱ्या वैद्याची पायरी चढला असं कळलं, की पहिला वैद्य तोंड फिरवून बसे. म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्यापासून लपवीत.

पूर्वी ज्याच्या दारात रोग्यांची रांग मोठी, त्याला दसऱ्याला शाल मिळे. राणीने ती पद्धत मोडली.

"रांग वाढली म्हणजे राज्य आजारी पडलं. त्याची शाल कसली द्यायची?" ती म्हणाली. "यापुढे तिघांनी एका छपराखाली बसावं आणि रोगी मिळून तपासावा. माणसं धडधाकट राहिली, तर मान तिघांचा."

तिघांनी होकार दिला. मान डोलावायला काय लागतं? छप्पर उभं राहिलं आणि तिघे त्याखाली तीन कोपरे धरून बसू लागले. तापाचा वैद्य घरी आल्यावर मनाशी म्हणे, 'मान तिघांचा झाला, मग माझं असं काय उरलं?' त्याने आपल्या बटव्याची गाठ आणखी घट्ट केली.

या वैद्याला जिवाभावाचा एकच माणूस होता. गावचा म्हातारा नावाडी. वैद्याची बायको गेल्यापासून नावाडी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसे. कधी बोले, कधी नुसताच बसे. वैद्याचं घर तेवढ्यापुरतं घर वाटे.

एकदा नावाड्याला ताप भरला. वैद्याने त्याला बचनागाची गोळी दिली. बचनाग म्हणजे जहरच, पण नीट शुद्ध करून अगदी थोडा दिला तर ताप उतरवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांनी नावाड्याला छपराखाली उचलूनच आणलं. ओठ बधिर, जिभेला मुंग्या, नाडी बुडत चाललेली. वैद्याने ओळखलं, बचनाग अंगात जास्त झाला आहे. पण आपण तर बेताने दिला होता. मग बाकीचा आला कुठून? नावाड्याचे गुडघे दुखत, हे त्याला ठाऊक होतं.

हाडवैद्य समोरच्याच कोपऱ्यात बसला होता. एक प्रश्न विचारायचा, एवढंच. पण विचारलं की आपलंही गुपित सांगावं लागणार. वैद्याचा पाय उचलेना. 'तूप पाजून बघू, उतार पडेल,' असं म्हणून तो मित्राच्या उशाशी बसून राहिला. उतार पडला नाही. श्वास तुटक येऊ लागला, तेव्हा कुठे तो उठला.

"याला तुम्ही काय दिलंत?" त्याने विचारलं.

हाडवैद्य हसला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. आधी तुमचं सांगा."

वैद्याने सांगून टाकलं. ऐकता ऐकता हाडवैद्याचा चेहरा उतरला. "माझ्याही गोळीत तोच आहे. गुडघ्यांसाठी घेतो तो, पावसाळ्यापासून."

पोटाचा वैद्य धावत आला. नाडी पाहून तो हळूच म्हणाला, "आल्या आल्या ओकारी काढायला हवी होती, वैद्यराज. मला हाक मारली असतीत."

मग तिघे एकाच रोग्यावर वाकले. तिघांचे बटवे उघडे पडले. जे जे करता येण्यासारखं होतं ते सारं त्यांनी केलं. पण वेळ निघून गेली होती.

नावाड्याने एकदा डोळे उघडले. वैद्याने त्याचा हात धरला. "गड्या, आधी सांगायचं नाहीस का रे?"

"तुमी रागावला असता, वैद्यबुवा," नावाडी पुटपुटला. "मंग मी सांजच्याला कुठं बसलो असतो?"

एवढं बोलून तो गेला. वैद्य सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो राणीपुढे उभा राहिला. "मी आपल्याला होकार दिला होता, पण मनातून तयार नव्हतो. माझा मित्र त्यानेच मेला. शिक्षा करा."

राणी म्हणाली, "शिक्षा तुम्हाला मिळालीच आहे. आता काम करा."

त्या दिवसापासून छपराखाली आलेल्या रोग्याला तापाचा वैद्य आधी विचारी, "आणखी कुणाचं औषध चालू आहे? सांगा, मी रागावणार नाही." लोक बिचकत, खाली बघत, खोटं बोलत. त्यांचा विश्वास बसायला कितीतरी वर्षं गेली. वैद्य मात्र प्रत्येकाला तेच विचारीत राहिला, आणि रोज संध्याकाळी ओट्यावर एकटा बसत राहिला.

तात्पर्य : मानापायी वैद्य जे एकमेकांना विचारीत नाहीत, त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.