गोमा सुताराचं ऐकणारं हाड

फार वर्षांपूर्वी आमच्या करंजवेळ गावाला दीपगृह नव्हतं, धक्का नव्हता. होड्या मात्र आमच्यासारख्या कुणाच्या नव्हत्या. त्या गोमा सुतार बांधायचा.

एकदा मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला. एवढा मोठा, की त्याच्या सावलीत सारं गाव जेवायला बसलं, असं म्हणतात. लोकांनी हाडं वाटून घेतली आणि लगेच कोरायला बसले. पाटलांनी गळ्यात घालायला मणी करवून घेतले. हाड ओलं, आत तेल. मणी तडकले, वास सुटला आणि गावची कुत्री पाटलांच्या मागे फिरू लागली.

गोमाने फक्त देवमाशाच्या कानाचं हाड घेतलं. शंखाएवढं, दगडासारखं जड. ते त्याने अंगणातल्या वाळूत पुरलं.

"अहो, दारात मासा पुरून कुणाचं भलं झालंय?" बायको पारू म्हणाली.

"त्याच्यातला समुद्र निघून जाऊ दे. मग बघू."

समुद्र निघून जायला एक तप लागलं, असं म्हणतात. हाड मधाच्या रंगाचं झालं. मग गोमाने पटाशी घेतली. मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने हाड घासलं. पाटील बघायला आले.

"गोमा, देव कोर. नाकतोंड काढ. देवळात बसवू."

"हे ऐकणारं हाड आहे, पाटील. त्याला तोंड कशाला?"

"मग येतं का काही ऐकू?"

"सध्या तुमचंच येतंय."

त्याने हाडाला माणसाच्या कानावर बसेल एवढी वाटी कोरली. बाकी काही नाही.

त्या माघात धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. गावच्या होड्या बाहेर होत्या. एकीवर गोमाचा एकुलता लेक नारबा होता. खाडीच्या मुखाशी खडक. लोकांनी ढोल बडवले, पण धुक्यात आवाज चारी बाजूंनी येतो. होड्या भलतीकडे जाऊ लागल्या.

पारू म्हणाली, "ऐकणारं हाड ना तुमचं? मग आता ऐका."

गोमा छोट्या होडीत चढला. "ढोल बंद करा!" तो ओरडला. सारं गाव गप्प झालं. रडणारी पोरंसुद्धा.

होडीच्या काठावरून वाकून त्याने हाड पाण्यात धरलं आणि वाटीला कान लावला. होड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून आमची माणसं धुक्यात वल्ह्याने फळी ठोकतात. ते ठोके समुद्राखालून आले. प्रत्येक फळी गोमाच्या हातची, आवाजावरून ओळखीची. कुठली होडी कुठे आहे, ते त्याला कळलं. नारबाची सर्वांत लांब होती, खडकांजवळ.

वाटेत जी होडी लागली ती त्याने दोराने मागे बांधली. एकही सोडली नाही. नारबापाशी पोचला तेव्हा मागे होड्यांची माळ होती.

"बाबा, किती उशीर!" नारबा म्हणाला.

"वाटेत बाकीचे होते."

सगळे घरी आले.

गोमा गेला तेव्हा नारबाने ते हाड खाडीच्या मुखाशी सोडलं. तिथून ते अजून ऐकतं, असं म्हणतात.

आजही हंगामाची पहिली होडी निघाली की किनाऱ्यावरची वाजंत्री थांबते. मुखाशी तांडेल इंजिन बंद करतो आणि वल्ह्याने फळी ठोकतो. होड्या आता फायबरच्या आहेत. म्हणून प्रत्येकीत लाकडाची एक फळी बसवतात, नुसती ठोकायला. आमच्या होडीत फणसाची आहे.